दऱ्यांचा दर्या झाला तर सांगायचं कुणाला?

गेल्या अंकात ओपन सोर्सचा विषय ओझरता निघाला होता आणि मी सहज म्हणून गेले की यावर काही विचारायचं असेल तर पाठवा. पाठवलंत, भरपूर पाठवलंत. बहुतेकांचा सूर एकच की आम्ही नवीन आहोत, आत शिरायचं कसं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही म्हणून सहा पत्रं घेतलीयेत. ज्यांचा गेला अंक हुकला त्यांच्यासाठी एका ओळीत: ओपन सोर्स म्हणजे असं सॉफ्टवेअर ज्याचा कोड कुणालाही बघता, वापरता, बदलता येतो आणि आपण केलेला बदल मूळ लोकांकडे परत पाठवताही येतो. पुढच्या पत्रांत येणारे चार शब्दही सांगून ठेवते: गिटहब म्हणजे असा कोड ठेवायची वेबसाइट, इश्यू म्हणजे तिथं नोंदवलेली चूक किंवा काम ('गुड फर्स्ट' म्हणजे नवख्यांसाठीचं), पुल रिक्वेस्ट किंवा पीआर म्हणजे 'माझा बदल घ्या' अशी विनंती आणि रीडमी म्हणजे प्रोजेक्टची ओळख करून देणारी फाइल.

प्रश्न: ताई, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सीनियर म्हणतात ओपन सोर्स कॉन्ट्रिब्यूशन पाहिजेच, रेझ्युमेवर चांगलं दिसतं. मी गिटहबवर 'गुड फर्स्ट इश्यू' शोधून शोधून दमले, जिथं जाते तिथं आधीच दहा जणांनी 'प्लीज असाइन मी' लिहून ठेवलेलं असतं. मैत्रीण म्हणते कुठल्याही मोठ्या प्रोजेक्टच्या रीडमी फाइलमध्ये आपलं नाव टाकून पुल रिक्वेस्ट पाठव, मोजताना ती पण मोजली जाते. पाठवू का? (विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर: नको गं बाई. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस नावाच्या प्रोजेक्टवर नेमका हाच पाऊस पडला होता. जावास्क्रिप्टवाल्यांना माहिती असेल, नोडवर वेबसाइट चालवायला जगभर वापरतात ते. त्याच्या रीडमीत स्वतःचं नाव टाकणाऱ्या पुल रिक्वेस्टचा ढीग लागला आणि त्यातली बरीचशी पोरं आपल्याकडचीच होती, कारण एका ट्युटोरियलमध्ये पीआर कसा पाठवायचा हे त्याच प्रोजेक्टवर करून दाखवलं होतं. शिकवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसेल, पण तिकडे फुकटात काम करणारी चार माणसं बसून एकेक पीआर हाताने बंद करत होती. त्याआधी २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये, म्हणजे दर ऑक्टोबरातल्या ओपन सोर्सच्या उपक्रमात, तर टीशर्टसाठी हे झालं. ऑक्टोबरात ठरावीक पीआर पाठवले की टीशर्ट मिळायचा, मग लोकांनी कुठं स्वल्पविराम घाल, कुठं 'अमेझिंग प्रोजेक्ट' लिही असलं सुरू केलं आणि शेवटी महिना चालू असतानाच आयोजकांना नियम बदलावा लागला, की ज्या प्रोजेक्टला यात भाग घ्यायचाय त्यांनी आधी तसं सांगायचं, बाकीच्यांकडे पाठवलेलं धरलं जाणार नाही.

आणि मला सांग, रेझ्युमे बघणारा उद्या ती लिंक उघडणारच ना? मग त्यात काय दिसणार, तुझं नाव आणि खाली 'क्लोज्ड'.

तू ना, उलटीकडून सुरू कर. इश्यू शोधत फिरू नकोस, तू रोज काय वापरतेस ते बघ. तुझं पत्र मला ओडीटी फाइलमध्ये आलंय म्हणजे तू लिबरऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं ओपन सोर्स सॉफ्टवेअर) वापरतेस आणि त्यात मराठी टाइप करतेस. मग तुझ्याकडे असं काहीतरी आहे जे तिथल्या बहुतेक डेव्हलपरांकडे नाही, तुला मराठी वाचता येतं! हसू नकोस, खरं सांगतेय.

समज तू त्याच्या रायटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या भागात, 'दऱ्या' लिहिलंस, सह्याद्रीच्या दऱ्या, आणि पीडीएफ काढल्यावर तिथं 'दर्या' दिसलं. आपण लगेच ओरडू की अहो डोंगराचा समुद्र झाला. पण जर्मनीत बसलेल्या सी प्लस प्लसवाल्याला ती दोन चित्रं सारखीच वाटणार, त्याला कळणारच नाही की बिघडलंय काय. हे कळवणं हेच काम आहे, आणि नीट कळवणं हे अर्ध्याहून जास्त काम आहे.

नीट म्हणजे कसं, तर आधी त्यांच्या बगझिलात, म्हणजे चुका (बग) नोंदवायच्या वेबसाइटवर, शोध, की हे कुणी आधीच लिहिलंय का. नसेल तर ती अख्खी साठ पानी प्रोजेक्ट रिपोर्टची फाइल जोडायची नाही, नवीन फाइल घ्यायची, त्यात तो एकच शब्द लिहायचा आणि बघायचं तरीही होतंय का. मग ती एका शब्दाची फाइल, त्यातून निघालेली पीडीएफ आणि दोन्हीचा स्क्रीनशॉट गोल करून, असं तीन गोष्टी जोडायच्या. फॉन्ट कुठला, कीबोर्ड कुठला तेही लिही, कारण हा पापणीचा र दोन पद्धतीने बनतो: एक म्हणजे नुक्तावाला ऱ, मग हलंत, मग य. दुसरी म्हणजे साधा र, हलंत, मध्ये झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं अक्षर आणि मग य. डोळ्याला दोन्ही सारखंच, आत वेगळं, आणि होऊ शकतं की एकच पद्धत मोडतेय. दोन्ही करून बघितलंस आणि कुठली मोडते ते लिहिलंस तर समोरच्याचा अख्खा दिवस वाचतो गं. हेल्प मेनूत अबाउट लिबरऑफिसमध्ये व्हर्जनची सगळी माहिती कॉपी करायचं बटण आहे, ती तशीच चिकटव. आणि हेल्पमधूनच सेफ मोडमध्ये रीस्टार्ट करून एकदा बघ, कधीकधी दोष आपल्याच सेटिंगचा निघतो आणि मग खजील व्हायला होतं.

बग टाकलास की तो आधी 'अनकन्फर्म्ड' असतो. दुसऱ्या कुणीतरी स्वतःच्या मशीनवर करून बघितलं आणि तसंच झालं की 'न्यू' होतो, माहिती कमी पडली तर 'नीडइन्फो'. आता यातली गंमत बघ, ते 'दुसरं कुणीतरी' तूही होऊ शकतेस. तिथं देवनागरीबद्दलचे बग शोध, एकेक उघड, करून बघ, होतंय तर होतंय लिही, आता होत नाही तर होत नाही लिही, कुठल्या व्हर्जनवर बघितलं ते लिही. असाइन मी म्हणायची गरज नाही, कुणाची परवानगी नाही, रांग नाही. असं वीसेक बग केलेस की तिथली माणसं तुला नावाने ओळखायला लागतील, आणि मग 'ईझी हॅक' म्हणून नवीन लोकांसाठी बाजूला काढलेली कोडची कामं असतात ती घे. त्यात कुठल्या फाइलमध्ये बघायचं हेसुद्धा बहुतेक वेळा लिहिलेलं असतं.

प्रश्न: मी निवृत्त मराठी शिक्षक आहे. कॉम्प्युटर वापरतो पण कोडिंगचा गंध नाही. मोबाइलमधलं, कॉम्प्युटरमधलं मराठी वाचून जीव कासावीस होतो. सुधारायचं असेल तर आमच्यासारख्याला कुणी दारात उभं करील का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर: सर, दारात काय, ओसरीवर पाट मांडून ठेवतील. तुम्हाला एक जुनी हकिकत सांगते. हे जे लिबरऑफिस आहे ते मूळचं जर्मनीतल्या स्टारडिव्हिजन कंपनीचं स्टारऑफिस. १९९९ मध्ये ते अमेरिकेतल्या सन कंपनीने घेतलं, २००० मध्ये कोड खुला केला, त्याचं ओपनऑफिस झालं आणि २०१० मध्ये त्यातून लिबरऑफिस वेगळं झालं. पण कोडमध्ये प्रोग्रामरांनी स्वतःसाठी लिहून ठेवलेल्या टिपा बऱ्याचशा जर्मनमध्ये! मग त्या टिपांचं इंग्रजी करणं हे कित्येक वर्षं नवीन लोकांना द्यायचं काम होतं, प्रोग्रामिंग यायची गरजच नाही, जर्मन यायला पाहिजे. तेव्हा भाषा येणाऱ्या माणसाला तिथं जागा नाही असं मनातसुद्धा आणू नका.

फायरफॉक्सचं भाषांतर मोझिलाच्या पॉन्टूनवर चालतं, विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो त्याचं ट्रान्सलेटविकीवर, लिबरऑफिसचं वेबलेटवर. तिन्ही ब्राउझरमध्ये उघडतात, समोर इंग्रजी वाक्य येतं, आपण त्याचं मराठी लिहायचं, झालं. पॉन्टूनवर नवीन माणसाचं भाषांतर आधी 'सूचना' म्हणून जातं, जुनं कुणीतरी बघून पास करतं. तुमच्या वयाचा आणि अनुभवाचा मान राखून सांगते, सुरुवातीला तुमचं मराठी एखादं पंचविशीतलं पोरगं तपासेल, तेवढं मनाला लावून घ्यायचं नाही.

आता खरी मेख कुठंय ते सांगते. तुम्हाला वाक्यं सुटी येतात, मागचा पुढचा संदर्भ नसतो. 'फ्री' एवढाच शब्द समोर आला तर तो मोफत की मोकळी? डिस्कवर जागा किती उरली ते सांगणाऱ्या ठिकाणी 'मोफत जागा' असं छापून आलेलं मी स्वतः वाचलंय, वाटलं प्लॉट वाटतायत. 'लेफ्ट' म्हणजे डावीकडे, की शिल्लक, की सोडून गेला? 'ओपन' हे बटण असेल तर 'उघडा', पण तेच एखाद्या गोष्टीची अवस्था सांगत असेल तर उघडा, उघडी, उघडं यातलं काय घ्यायचं? म्हणून शंका आली की आधी ते सॉफ्टवेअर उघडून ती जागा बघायची, शोधूनही सापडली नाही तर तिथंच टिप्पणीत विचारायचं. अंदाजाने ठोकायचं नाही.

दुसरी गोष्ट लिंगाची. 'अमुक जॉइन झाला की झाली' हे सॉफ्टवेअरला माहितीच नसतं, नाव नंतर येऊन बसतं. तिथं 'सामील झाले' असं आदरार्थी केलं की सुटका होते. 'न्यू'ला सगळीकडे 'नवीन' का असतं याचा कधी विचार केलाय? नवा-नवी-नवं बदलत राहतं, नवीन बदलत नाही, फाइल असो, फोल्डर असो की पान असो. असल्या जागा तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त दिसतील.

आणि तिसरं, वाक्यात मध्येच चमत्कारिक चिन्हं असतात, टक्क्याचं चिन्ह आणि पुढे आकडा, किंवा महिरपी कंसात एखादा इंग्रजी शब्द. तिथं प्रोग्राम नंतर नाव किंवा संख्या भरतो. त्याला हात लावायचा नाही, कंसातल्या शब्दाचं मराठी तर अजिबात करायचं नाही. जागा मात्र बदलता येते, आपली वाक्यरचना वेगळी आहे ना, ते चिन्ह उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवलं तरी चालतं. लिबरऑफिसमध्ये अक्षराच्या आधी लाटेसारखी छोटी रेघ दिसेल ती कीबोर्डच्या शॉर्टकटची, कचरा समजून पुसू नका.

राहिला शुद्ध मराठीचा प्रश्न. सेव्हला 'जतन करा' म्हणायचं की 'सेव्ह करा' यावर आपल्याकडे लग्नं मोडतील. माझं मत विचाराल तर जतन करा आता रुळलंय, राहू द्या, पण फाइलला 'धारिका' करायला जाऊ नका, लोक भाषाच इंग्रजीवर टाकून मोकळे होतात. आणि एकटे ठरवू नका, आधीच्या लोकांनी काय वापरलंय ते बघा, अर्ध्या मेनूत एक आणि अर्ध्यात दुसरं हे सगळ्यात वाईट.

टाइप करायचा कंटाळा असेल तर मोझिलाचंच कॉमन व्हॉइस आहे, २०१७ पासून चालू आहे, त्यात मराठीही आहे. वाक्य समोर येतं, ते मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायचं किंवा दुसऱ्यांनी वाचलेलं ऐकून बरोबर की चूक सांगायचं. कॉम्प्युटरला मराठी ऐकायला शिकवण्यासाठी हा साठा कुणीही वापरू शकतं. बेळगावी हेल असू द्या तसाच, मुद्दाम पुणेरी करू नका, सगळे एकाच तऱ्हेनं बोलले तर मशीन बाकीच्यांना ओळखणार कसं!

प्रश्न: मी तीन ओळींचा बदल पाठवला. त्यांनी 'अनरिलेटेड चेंजेस' लिहून परत पाठवला. तीनच ओळी होत्या, त्यात अनरिलेटेड काय? (नाशिक)

उत्तर: तीनच होत्या का? परत बघ. माझा पहिला पॅच, म्हणजे पाठवलेला कोडमधला बदल, आठवतो मला, एका छोट्या प्रोजेक्टमध्ये चुकीचा एरर मेसेज दुरुस्त केला होता, दोन ओळी फक्त, आणि मोठ्या ऐटीत पाठवला. तिकडून एकच ओळ आली, 'आठशे ओळी का बदलल्यात?' मी चक्रावले. झालं असं होतं की माझ्या एडिटरला सेव्ह करताना फाइल आपोआप सजवायची सवय लावून ठेवलेली, त्याने टॅबच्या स्पेस केल्या, ओळींच्या शेवटच्या रिकाम्या जागा पुसल्या आणि माझ्या दोन ओळी त्या आठशेंत बुडाल्या. बघणाऱ्याने शोधायचं कसं? लाज वाटून मी चार महिने त्या प्रोजेक्टकडे फिरकले नाही, तोही मूर्खपणाच.

तर कमिट करण्याआधी, म्हणजे बदल पक्का नोंदवण्याआधी, 'गिट डिफ' (काय काय बदललं ते दाखवणारी कमांड) करून स्वतः ओळ न् ओळ वाचायची सवय लाव, लाल-हिरवं जे दिसतंय ते सगळं आपणच मुद्दाम केलंय का. एका पीआरमध्ये एकच गोष्ट. जाता जाता दुसरी चूक दिसली तर तिचा वेगळा पीआर, मोह होतो माहितीये. आणि कॉन्ट्रिब्यूटिंग नावाची फाइल असते ती वाच, टॅब की स्पेस, टेस्ट कशा चालवायच्या सगळं त्यात असतं. परत पाठवलाय म्हणजे हाकललं नाही रे, दुरुस्त करून त्याच पीआरमध्ये पुन्हा ढकल, नवीन उघडू नकोस.

प्रश्न: पीआर पाठवून नऊ दिवस झाले. रोज कमेंट करतोय, कोणी बघत नाही. एवढी गुर्मी? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर: रोज?! अरे थांब. लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्याच्या, नियमांतच लिहिलंय की पुन्हा विचारण्याआधी किमान एक आठवडा जाऊ दे, आणि तिथं कंपन्यांचे पगारी लोक आहेत. छोट्या प्रोजेक्टला तर एखादाच माणूस असतो, नोकरी करून, पोरं झोपवून रात्री अकराला लॅपटॉप उघडणारा. दोन आठवड्यांनी एकदा विचार, नम्रपणे, आणि 'यात मी अजून काही करू का' असं.

घाई करणाऱ्याकडे आता लोक संशयाने बघतात त्यालाही कारण आहे. एक्सझेड नावाचं फाइल दाबायचं साधन आहे, लिनक्समध्ये सगळीकडे असतं, सांभाळणारा माणूस जवळजवळ एकटा आणि थकलेला. एका अनोळखी खात्याने दोनेक वर्षं चांगली कामं करून विश्वास कमावला, आणखी काही खात्यांनी 'किती उशीर, दुसऱ्याला द्या की' म्हणून त्या बिचाऱ्यावर दबाव आणला आणि शेवटी आत शिरून मागचं दार, म्हणजे दुसऱ्यांच्या मशीनमध्ये चोरून शिरायची वाट, बसवलं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा छडा लावताना ते सापडलं, नाहीतर काय झालं असतं कल्पना करवत नाही. तू तसला नाहीस हे मला माहितीये, त्यांना नाही ना.

प्रश्न: इंग्रजी कच्चं आहे, कोडही एआयकडून लिहून घेतो. असं पाठवलं तर चालतं का? आणि पुण्यात आयटी कंपनीत नोकरीला आहे, त्याचा काही प्रॉब्लेम? (पिंपरी)

उत्तर: इंग्रजीचं टेन्शन सोडा. काय केलं, काय व्हायला पाहिजे होतं, काय झालं, ही तीन वाक्यं साध्या इंग्रजीत लिहिली की बास. तिथं बऱ्याच लोकांची मातृभाषा इंग्रजी नसते. व्याकरण तपासायला एआय घ्या, बिनधास्त.

कोडचं मात्र वेगळं. काही प्रोजेक्टना चालतं, काहींना सांगून केलेलं चालतं, काहींनी सरळ बंदी घातलीये, तेव्हा नियम वाचा. पण कुठेही, जी ओळ का आहे ते तुम्हाला स्वतःला सांगता येत नाही ती पाठवू नका, कारण पहिला प्रश्न तोच येणार आणि त्याचं उत्तर परत एआयकडून आणून चिकटवलंत तर ओळखू येतं हो. कर्ल (इंटरनेटवरून माहिती आणायचं-पाठवायचं साधन) सांभाळणारे डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून जाहीरपणे सांगतायत की एआयने रचलेले खोटे सिक्युरिटी रिपोर्ट तपासण्यात त्यांचा किती वेळ जातो. रिपोर्ट वाचायला अगदी झकास आणि त्यात सांगितलेलं छिद्र कोडमध्ये नाहीच.

नोकरीचं म्हणाल तर ऑफर लेटरसोबत सही केलेला तो जाडा करार काढा. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की नोकरीत असताना बनवलेलं सगळं कंपनीचं. मॅनेजरला किंवा एचआरला मेलवर विचारून लेखी घ्या, कंपनीचा लॅपटॉप वापरू नका. कारण पलीकडेही तुम्हाला शब्द द्यावा लागतो: लिनक्समध्ये प्रत्येक कमिटखाली 'साइन्ड ऑफ बाय' आणि तुमचं नाव लागतं, म्हणजे हे द्यायचा हक्क मला आहे असं तुम्ही म्हणताय. लिबरऑफिसमध्ये एकदाच एक वाक्याचं मेल करायचं असतं, की माझं आधीचं आणि पुढचं सगळं काम त्यांच्या लायसन्सखाली देतो. वाक्य तयार आहे, कॉपी करायचं. पण ते पाठवताना ते खरं पाहिजे.

प्रश्न: माझा लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, जुना आहे. लिबरऑफिसचा कोड बिल्ड होईल का, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम बनवता येईल का? (परभणी)

उत्तर: नाही होणार. म्हणजे रात्रभर लावून पंख्याचा आवाज ऐकत बसशील आणि सकाळी मेमरी संपली म्हणून बंद पडलेलं दिसेल. बऱ्या मशीनलाही पहिल्या बिल्डला बराच वेळ लागतो. तू फॉन्टकडे बघ. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता, बालू हे फॉन्ट ओपन सोर्स आहेत, गूगलच्या नोटो फॉन्टमध्ये तर मोडी लिपीही आहे. जोडाक्षरं टाइप करून करून बघायची, द्ध, ह्य, ट्ठ्य, ङ्क्ष असली वाकडी मुद्दाम, आणि मराठी ल आणि श मराठीच्या वळणाचे येतायत की हिंदीच्या, तेही. त्याला ४ जीबी म्हणजे चैन आहे. जिथं जोडाक्षर सुटून पाय मोडका दिसेल तिथं स्क्रीनशॉट काढ, आणि वर सांगलीच्या पोरीला सांगितलंय तसं लिहून पाठव.